टॅब बंद करू नका

उद्यमनगरात वीज आज येऊन-जाऊन.
पंपाच्या केसिंगचं ड्रॉइंग,
तीनशे ऐंशी एमबी, मेलला पेलेना.

ब्राउझर उघडला, सहा अंकी कोड
फोनवर वाचून दाखवला.
तिकडे शिरोलीत इलाहीचाचांनी तो
हातातल्या सागवानी फळीवरच
पेन्सिलीनं लिहून घेतला.

मधे कुणाचं गोदाम नाही.
माझ्या खिडकीतून निघालेलं
सरळ त्यांच्या खिडकीत.
अट एवढीच, की दोघांनी जागं राहायचं.

बासष्ट टक्क्यांवर त्यांचा फोन झोपला.
पुन्हा पहिल्यापासून.

"आता अंगठाच ठेवून बसलोय काचंवर,
भरली लॅडल धरल्यागत.
हलत न्हाई. सोड तू."

पट्टी सरकत राहिली.
बोलायला काही नव्हतं;
त्यांच्या मागं कुणाचातरी रंधा चालू होता,
थांबत, पुन्हा धरत.

"आलं बघ! कोरप्रिंटची कड बी दिसाय लागली."

फोन ठेवला.
टॅब मिटायला गेले, तर कोपऱ्यात
हिरवा ठिपका तसाच:
इलाही मुजावर, जोडलेले.
विसरले असतील,
भुसा झटकून चहाला गेले असतील.

राहू दे म्हटलं,
वीज जाईपर्यंत.