दोनशे चाळिसावा दिवस

फोंड्याच्या मजूर कार्यालयात, दुसऱ्या मजल्यावर
मी टंकलेखक. लोक बोलतात, मी टंकतो.
हुंदका आला की थांबतो,
कीबोर्डावर त्याची कळ नाही.

आज सुकांती गावडे, राहणार सावईवेरे.
कुंडईच्या वसाहतीत बाटल्यांच्या बुचांचा कारखाना,
तिथं पॅकिंगला. सहा वर्षं, ती म्हणते.
सहा वेळा, म्हणतात कंपनीचे वकील केंकरे.
मधलं अंतर मला एका ओळीत बसवायचं असतं.

गोष्ट अशी, की बारा महिन्यांत दोनशे चाळीस दिवस भरले
की कायदा माणसाला ओळख दाखवतो.
मग हाकलायचं तर आधी नोटीस,
हातावर पैसे, निदान एखादं कारण.
म्हणून दोनशे एकोणचाळिसाव्या संध्याकाळी
सुपरवायझर हसत यायचा,
"सुकांती, आता जरा विश्रांती घे गो.
चवथ आली, माटोळी बांध."
चवथ असो नसो, तो हेच म्हणायचा.
तीन महिन्यांनी तीच सुकांती, तेच मशीन,
बाहीवर डाग पडलेला तोच ॲप्रन,
नवा कंत्राटदार, नवा नंबर.
यंदा बोलावणंच आलं नाही.

(माझं कंत्राट अकरा महिन्यांचं.
ते या कागदावर येत नाही.)

केंकरे विचारतात, हजेरीपट तर कंपनीकडे,
दिवस किती भरले हे तुम्हाला कसं कळलं?
ती म्हणते,
"दिसाक बारा हजार बुचां मेजतां हांव.
दीस मेजपाक येवचे नात म्हाका?"
मी ते मराठीत टंकलं.
वाक्य सरळ झालं, आणि जरा गरीब.

कुलासो मॅडम फाइलीतून वर बघतात,
"आणि दोनशे चाळिसाव्या दिवशी कुठं होता तुम्ही?"

"गेटीर."

दर वेळी. सहाही वेळा.
सवयीनं नव्हे, मुद्दाम
सहा दहाची बस, फोंड्याला बदलून दुसरी,
डब्यात उकड्या तांदळाचा भात, सुक्या सुंगटांची किसमूर,
आणि दिवसभर गेटाबाहेर उभी.
भांडली नाही कुणाशी.
आत जाणाऱ्या बायका आधी हात करायच्या,
मग चपलेकडे बघत जायच्या.
सावली सरकली तशी सरकली,
भोंगा झाला, घरी गेली.

"हे पाहिलं कुणी?" केंकरे.

तेव्हा बाकावरचा बसलिंगप्पा उठला.
गदगचा. गेटावर अठरा वर्षं.
पिशवीतून वह्या काढल्या,
भेटीला येणाऱ्यांच्या, कडा उंदरांनी खाल्लेल्या.
ही कंपनीची मालमत्ता आहे, केंकरे म्हणाले.
भरल्या की रद्दीत टाकायचे, तो म्हणाला,
मी मागून घेतल्या.

अक्षर कन्नड. मॅडमना येईना, मला येईना.
खालच्या गाड्यावरून मंजुनाथला वर आणलं,
किटलीसकट.
त्यानं बोट ठेवून वाचलं,
नाव, सुकांती.
आली, सात पन्नास. गेली, साडेचार.
कुणाला भेटायचे, रिकामं.
कशासाठी, केलसा.

"केलसा म्हणजे?"

"काम," मंजुनाथ म्हणाला,
आणि इतकं सोपं विचारलं म्हणून
आमच्याकडे बघत राहिला.

सहा वह्या, सहा तारखा, तोच शब्द.
केंकऱ्यांनी हरकत घेतली, मी टंकली.
वह्यांचं अधिकृत भाषांतर हवं, मॅडम म्हणाल्या.
पुढली तारीख सतरा.

प्रतीवर शिक्का मारून दिला
तेव्हा तिनं हळूच विचारलं,
आजचा दिवस मोजतात काय हो?

विचारून सांगतो, म्हटलं.

खोली रिकामी झाली, पंखा बंद केला.
जिन्याशेजारच्या बाकावर मांडीवर डबा घेऊन
ती बसली होती,
साडेचार वाजेपर्यंत.