परिचय, शंभर शब्दांत

संपादक महोदय,
कविता स्वीकारल्याचं पत्र मिळालं.
म्हणजे मीच ते थैलीतून काढलं, शिक्का मारला
आणि मलाच बटवडा केला.
खैरगावच्या शाखा डाकघरात डाकपाल मी आहे,
रोजचे चार तास, सोमवारी जास्त.
तुमची ‘साभार परत’ची अकरा पाकिटंही
अशीच माझ्या हातून माझ्याकडे आली होती.

परिचय मागितलाय तुम्ही. लिहून घ्या.
वनमाला नेहारे.
शाळेनं दिलेली जन्मतारीख एक जुलै,
मायनं दिलेली उलंगवाडीच्या आठवड्यातली.
“ओटीत कापूस कमी अन् पोटात तू जास्त,” एवढंच ती सांगते.
दोन्हींतली कोणती छापायची ते तुम्ही ठरवा.

प्रकाशित पुस्तकं: एक.
इथं जरा थांबावं लागेल.
बचत गटाच्या कर्जाच्या अर्जात
‘कारण’ या रकान्यात मी शिलाई मशीन लिहिलं
आणि यवतमाळच्या छापखान्यातून
तीनशे प्रती एसटीच्या मागच्या सीटखाली घालून आणल्या.
तिसऱ्या हप्त्याला कळलं,
बँकेचे साहेब मशीन पाहायला येणार.

भागिरथा निघोटनं तिचं मशीन रात्री आणून दिलं
हातगाड्यावर, चाकांना तेल घालून.
गठ्ठ्यांवर लुगडं तिनंच अंथरलं.
साहेबांनी विचारलं, काय काय शिवता?
मी गप्प.
भागिरथा म्हणाली, “ब्लाऊज शिवते ना साहेब,
आमचे सगळ्याईचे तिनंच शिवले.”
सगळ्याईचे भागिरथानं शिवले होते.
ओट्यावर नऊ बायका, एकही हसली नाही.
साहेब चहा पिऊन फाट्यापर्यंत गेले असतील नसतील,
सहदेवभाऊची म्हैस बिथरली, इतक्या हसलो.

भागिरथाच्या प्रतीत कोऱ्या पानांवर मापं आहेत:
कोणाची बाही, कोणाचा गळा, कोणाची पाठ.
तिचा एक आकडा चुकला तर कापड वाया जातं.
मी तेवढ्या जपून लिहिते का,
माहीत नाही.

सन्मान म्हणाल तर वणीच्या संमेलनातली शाल.
माझा नंबर आला रात्री पावणेबाराला.
सूत्रसंचालक म्हणाले, आता आपल्या वहिनी
गोड आवाजात काहीतरी सादर करतील.
मी गात नाही. वाचते.
मी वाचत होते तेव्हा मंडपवाले
मागून खुर्च्या एकात एक घालत पुढे येत होते.
शेवटच्या ओळीला समोर सात खुर्च्या उरल्या,
त्यातल्या एकीवर इंदुमती उईके.
तिचा नंबर माझ्याही नंतरचा होता. तो आलाच नाही.

मग ती बसस्टँडवर वाचू लागली,
बंद रसवंतीच्या बाकावर, दोघींत एक शाल.
अंगणवाडीच्या वजनाच्या रजिस्टरमागं लिहिलेल्या कविता.
एकीत पोर तराजूत बसत नाही, रडतं,
आणि काटा कुठंच थांबत नाही.
मी म्हटलं, पुन्हा वाच.
तिनं पुन्हा वाचली.
पाच दहाची यवतमाळ गाडी लागली
तेव्हा कंडक्टर म्हणाला, बाई, चढता का कविताच ऐकवता?
तिचा पत्ता खाली देत आहे. तिलाही परिचय मागा.

नवरा कविता वाचत नाही.
पाकिटाला डिंक मात्र तोच लावतो,
कडेपर्यंत, बोटानं दाबून.

फोटो नाही. आधारवरचा चालत असेल तर पाहा,
त्यात मी कोणीतरी रागावल्यासारखी दिसते.
शंभर शब्द कधीचेच ओलांडले.
कापाल तर शाल कापा, जन्मतारीख कापा,
शिलाई मशीन राहू द्या.
कर्ज फिटलं, पावतीवर अजून तेच लिहिलेलं आहे.

शिक्का मीच मारला आहे.
तारीख नीट उमटली,
गावाचं नाव जरा पुसट.
शाईची मागणी मार्चपासून वर पाठवलेली आहे.