गट क्रमांक चार

तक्त्यात चार रकाने, प्रत्येकी पाच गुण:
आशय. उच्चार. चित्रीकरण. गटकार्य.
खाली आडवी रेघ, रेघेखाली
मूल्यमापकाची सही, म्हणजे माझी.

एप्रिलची सत्तावीस. स्टाफरूममध्ये मी आणि कूलर.
कूलरचं एक पातं वाकलंय,
फिरता फिरता जाळीला लागतं: टक्.
बाहेर मैदानात ऊन
एकटंच खो-खो खेळतंय.

हेडफोन लावतो. तीन मिनिटं अकरा सेकंद.
टिमकीतली गच्ची, दोन काळ्या टाक्या,
मधोमध प्रणय गजघाटे, जो वर्गात
हजेरीलासुद्धा नुसती मान हलवतो,
इथे टाकीवर थाप मारून म्हणतो,

पारा पंचेचाळीस अन् नळाले सुटला वारा,
पाणी नाही थेंबभर, मीटर फिरते गरारा,
हवेचं बी बिल आलं बे, चला, भरा, भरा!

परिपत्रकातला विषय होता
जलसंवर्धन: काळाची गरज.
आशय, साडेचार. अर्धा गुण 'बे'साठी कापला.
मग आठवलं, आजच सकाळी पेट्रोल पंपावर
मीच कोणाला तरी म्हणालो होतो,
रांगेत ये ना बे.
पाच.

उच्चार. इथे मी जरा तज्ज्ञ.
बावीस वर्षं लघु-गुरू शिकवतोय,
फळ्यावर चंद्रकोर आणि आडवी रेघ.
पहिली ओळ कागदावर घेतली, बोटांवर मोजली:
आठ, सात, नऊ, चार.
कुठल्याच वृत्तात बसेना.
दार लावलं, मोठ्यानं म्हणून पाहिली.
सातच्या जागी पोरगा श्वास उसना घेतो
आणि नऊच्या जागी फेडतो.
मला ते जमलं नाही. दुसऱ्या ओळीतच दम संपला.

हेडफोन काढले.
ठेका चालूच होता.
टक्.
हा कूलर. हाच. स्टाफरूमचा.
कधी येऊन रेकॉर्ड करून गेले, कोण जाणे!
आणि मी शेऱ्यात लिहून बसलो होतो,
पार्श्वभूमीला सतत अडथळा.

चित्रीकरणात मात्र चूक सापडली.
एक मिनिट बेचाळीसला उजेड अचानक पांढरा होतो
आणि उजव्या कडेनं एक हात आत येतो,
मनगटापर्यंत. विटलेली मेंदी,
अंगठ्याला चिकटपट्टी.
सहा सेकंद तिथेच. थरथरतो.
लिहिलं: हात दिसतो. वजा एक.

तेजल हेडाऊला बोलावलं, संकलन तिचं.
ओढणीनं तोंड गुंडाळलेलं, नुसते डोळे.
"सर, लाईन गेली होती. टॉर्च धरून होती मी.
तो माहाच हात."
"मग कापला काहून नाही?"
(घाईत माझीही प्रमाणभाषा सुटते.)
"कापला असता त मी कुठीच नसती दिसली."

ओढणी सारखी करून गेली ती.
सायकलचं स्टँड काढल्याचा आवाज आला.

वजा एक पेनानं लिहिलं होतं.
ब्लेडनं खरडलं, कागद तिथे पातळ झाला,
खिडकीशी धरला तर आरपार ऊन.
ऑफिसात नागदेवते मॅडम म्हणाल्या,
"खाडाखोड चालत नाही सर, बाजूला सही करा."
केली.

संध्याकाळी पुन्हा लावला, आणि यावेळी
नावं येतात तिथपर्यंत थांबलो.
आधी कधी थांबलो नव्हतो, कोणाच्याच व्हिडिओला.
शब्द: प्रणय. कॅमेरा: इकरा. उजेड: तेजल.
ठेका: स्टाफरूमचा कूलर, न विचारता घेतला, माफी.

गटकार्याचा रकाना अजून कोरा आहे.
शिपाई बोरघरे बादली घेऊन आला,
कूलरमध्ये पाणी ओतता ओतता म्हणाला,
"सर, मार्चमंदी तुमीच अर्ज देल्ला होता ना,
उद्या मेकॅनिक येऊन राहिला. पातं सरळ करून देते."

उद्या रविवार आहे, म्हणालो.
तो माझ्याकडे पाहत राहिला.
उद्या मंगळवार होता.