पाच वॅट

तपकीर गल्लीत दिव्यांच्या माळांचं दुकान,
त्यावरचा जिना इतका अरुंद
की आधी गिटार, मग मी.
वर अच्युत डिंगणकर. चष्म्याला दोरा.
तंबूतल्या टॉकीजचे अँप्लिफायर दुरुस्त करत हयात गेली,
या जत्रेतून त्या जत्रेत, जनरेटरच्या धुरात.
आता गिटारवाली पोरं येतात.
मला बघून विचारलं, मुलासाठी का?
म्हटलं, नाही. मलाच हवाय.
बरं, म्हणाले, आणि स्टुलावरचं सोल्डरचं रीळ उचललं.

मी यादी करून नेली होती.
चाकणला गिअरच्या दातांची मापं घेते मी,
मायक्रॉनशिवाय मला बोलता येत नाही.
पन्नास वॅट, दोन चॅनेल, बारा इंची दोन स्पीकर,
ईएल चौतीस बरे की सिक्स एल सिक्स,
सूर स्वच्छ हवा पण जाड,
फाटका हवा, पण कर्कश नको,
आणि एक आवाज आहे डोक्यात, कॉलेजपासूनचा,
हेमलच्या डेकवर ऐकलेला...

ते ऐकत होते, म्हणजे चहा गाळत होते.
डेकवर? मग ती घासलेली टेप हो.
तो काही विकत मिळत नाही.
वाजवणार कुठे?

कुठे.
धायरीत. तिसरा मजला. आतली खोली,
जिथे इस्त्रीचे कपडे साठतात.
खाली सबनीस, ज्यांना आवाज चालतो,
आवाजाची शक्यता चालत नाही.
साडेसहा ते सव्वासात. कुकर होईपर्यंत.

हं, म्हणाले,
आणि कोपऱ्यातला पन्नास वॅटचा पेटारा चालू केला.
तापू दे आधी.
दोन मिनिटं आम्ही दोघं गप्प.
काचेतली तार हळूहळू शुद्धीवर आली, नारंगी,
माझे हात नकळत पुढे झाले होते, शेगडीसमोर होतात तसे.

वाजवा.
नॉब एकवर. स्वच्छ. गुळगुळीत. बिनचूक.
मी मीटिंगमध्ये बोलते तसा.
दोनवर नेला
तर खालून कुणीतरी छताला काठी ठोकली.

हा फाटतो सातवर, म्हणाले. तुमच्याकडे सात वाजायचे कधी?
मोठा अँप लहान खोलीत
जन्मभर सभ्यच राहतो.

मी काही बोलले नाही.
बोट तारेवर तसंच.

मग त्यांनी बाकाखालून एक प्लायवूडची पेटी ओढली.
एक नॉब, आठ इंची एक स्पीकर,
एकटाच सिक्स व्ही सिक्स, टक्कल पडल्यासारखा.
ट्रान्सफॉर्मर तंबूतला आहे, म्हणाले,
बारा गावचे खलनायक हसलेत यातून.

हलकं वाजवलं तर साधा, अगदी घरगुती सूर.
जरा बोट दाबलं
आणि कडेला चीर गेली,
सकाळच्या पहिल्या शब्दाला असते तशी खरखर.
पुन्हा हलकं. चीर मिटली.
पुन्हा दाबलं.
असं किती वेळ, माहीत नाही. चहावर साय आली होती.

पाच वॅटसुद्धा कमी नसतात हां.
तोंड कपड्यांच्या ढिगाकडे करून ठेवा.
आणि बंद केल्यावर मागून लगेच उघडू नका,
वायर काढली तरी
आत चारशे व्होल्ट बसलेले असतात दबा धरून.
किती वेळ?
ते त्यांनी सांगितलं नाही. पावती लिहीत होते.

अप्पा बळवंत चौकात
धायरी ऐकून पहिला रिक्षावाला निघून गेला.
दुसऱ्याने मान हलवली.
एका खांद्यावर गिटार, दुसऱ्या हातात अकरा किलोची पेटी,
तिसऱ्याला मी ओरडले,
सगळ्या चौकाने वळून बघावं असं,
आणि आवाज कडेला जरासा फाटला.

थांबला तो.
मीटरवर चाळीस जास्त, म्हणाला.