नमुना क्रमांक २१४

आरमोरीच्या कॉलेजात मी नमुने चिकटवते.
रद्दीत दाबून वाळवलेलं पान, पातळ डिंक,
वर वाळूची पिशवी,
खाली उजव्या कोपऱ्यात लेबल.
तेवीस वर्षं हेच. सर बदलले तीन.

दोनशे चौदावर लिहिलं होतं :
मालकांगोणी. वेलीसारखं चढणारं झुडूप.
मोहटोला, सायत्रा उसेंडी यांचं आवार, येनाच्या झाडावर.
फूल हिरवट पांढरं, वैशाखात.
फळ आढळलं नाही.

ही शेवटची ओळ मला खुपायची.
रविवारी बसने जायचे,
पिशवीत वही, पेन्सिल, भिंग, दशमी.

ती चढते. तिला ताणे नाहीत,
आकडे नाहीत, काटासुद्धा नाही,
नुसतं अंग पिळत चढते.
येनाच्या खोडात बोटभर खोल चर आहे,
पहिला वेढा पडला तेव्हाचा,
सायत्राबाईंचे सासरे तेव्हा गुरं राखायचे.
कोवळी फांदी तांबूस, तिच्यावर पांढरे ठिपके.
हात फिरवला की गोवर उतरतानाची पाठ.
पुस्तकात त्यांना वल्करंध्रं म्हणतात,
खोड तिथून श्वास घेतं.
पानं एकाआड एक, कडेला बारीक दाते.
फाल्गुनात सगळी झडतात,
मग ती उरते दोरखंडासारखी
आणि शेळीचं पिल्लू तिच्या वेटोळ्यात बसून ओरडतं.

वैशाखात फुलते.
लोंबते तुरे, एकेक फूल लाखोरीच्या दाण्याएवढं,
पाच पाकळ्या, पाच पुंकेसर,
माश्यांची नुसती झुंबड.
आणि पुढे काही नाही.
तुरे गळतात, सायत्राबाई झाडून उकिरड्यावर टाकतात.
अशा तीन दिवाळ्या मी पाहिल्या.

"वांझोटी हाये थे," कुंपणापलीकडून शेजारीण,
"तोडून टाक, सरपन तरी होईल."
सायत्राबाई धान पाखडत राहिल्या.
त्यांच्या घरात पाळणा हलला नाही,
हे मला त्याच शेजारणीने सांगितलं,
बस येईपर्यंत, मी न विचारता.

चौथ्या वर्षी झिबल मडावी आले,
बियांचं तेल काढून विकणारे.
वर पाहिलं, माझ्या वहीकडे पाहिलं, हसले.
"थो नर हाये ना बाई.
मादी नाल्याच्या तिकडं."

कार्तिक. नाल्यात घोटाभर पाणी.
पलीकडे धावड्यावर चढलेली दुसरी,
अंगभर पिवळी बोंडं, वाटाण्याएवढी,
पिकून तीन फाकांत उकललेली,
आणि आत शेंदरी.
पुस्तकातला शब्द : अध्यावरण.
"बीचं लुगडं," झिबल म्हणाले
आणि नखाने एका बीवरून ते फेडून दाखवलं.
माझ्या बोटाला तेलकट रंग राहिला मंगळवारपर्यंत.

पुढच्या वैशाखात अंगणातलं फूल
ब्लेडने उभं कापलं, भिंगाखाली धरलं.
पुंकेसरांच्या मधोमध अंडाशय होतं,
नावापुरतं, खसखशीएवढं,
सुरू होऊन तिथेच थांबलेलं.
सायत्राबाईंना दाखवलं.
त्या बराच वेळ एक डोळा मिटून पाहत होत्या.
"म्हनजे इतके वर्स बुढ्याले
बाईच्या नावानं शिव्या?"
आणि इतक्या हसल्या
की सूप ठेवून खाली बसाव्या लागल्या,
मग पदराने डोळे पुसून
कुंपणाकडे तोंड करून तेच पुन्हा मोठ्याने म्हणाल्या.

दोनशे चौदाचं लेबल नवं केलं :
विभक्तलिंगी. हा वेल नर.
नाल्यापलीकडची आता दोनशे पंधरा.
बोंडं दाबली तर फुटतात,
म्हणून ती लखोट्यात घालून कडेला चिकटवली.

राहिली वही.
ती खोडून तो,
चढते खोडून चढतो, फुलते खोडून फुलतो,
पान मागून पान.
शेळीच्या पिल्लापर्यंत आले,
तिथे खोडरबर संपलं.