खोल्यांचे प्रकार

बामणोलीच्या बोट क्लबात, पत्र्याखाली,
रविवारची गर्दी कासकडं परतल्यावर
किसनतात्या उतेकरांनी वही उघडली.
तू तिकडं चार वर्षं काढलीस, म्हणाले,
खोल्यांचे प्रकार किती असतात ते सांग.
खालची जमीन धरणात गेली तेव्हापासून
आमच्याकडं उतारच उरलाय,
त्यावर काहीतरी करायचंय.
पोरानं जेसीबी सांगून ठेवलाय.

पहिली गार्डन व्हिला. सगळ्यात स्वस्त.
दाराशी झाडं, समुद्राचा नुसता आवाज.
"म्हंजे आपली गोठ्यामागली खोली,"
तात्यांनी तसंच लिहून घेतलं.

दुसरी बीच व्हिला. दार उघडलं की वाळू.
ती वाळू पहाटे आम्ही दाताळ्यानं विंचरायचो.
पाहुण्याला कालचं पाऊल दिसता कामा नये,
स्वतःचंसुद्धा.

तिसरी पाण्यावरची.
खांबांवर उभी, लांब लाकडी पुलावरून जायचं,
बॅगा आम्ही बॅटरीच्या गाडीतून न्यायच्या.
उगवतीकडं तोंड असेल तर एक भाडं,
मावळतीकडं असेल तर जास्त.
इथं तात्यांचं पेन थांबलं.
"मावळतीला जास्त?"
हो.
"आरं, मावळतीच्या अंगाला दार काढलं
तर दुपारभर भाजून निघतो माणूस."
तिथं एसी असतो तात्या.

आणि पलंगाशेजारी फरशीत काच.
खाली मासे फिरतात,
त्यांच्यासाठी रात्रभर दिवा लावून ठेवतात.
ती काच मी रोज पुसायचो, गुडघ्यांवर बसून,
एक पोपटी मासा माझ्या फडक्याच्या मागं मागं यायचा.
डावीकडं पुसलं की डावीकडं.
पाहुण्यांपैकी एकाचंही नाव आता आठवत नाही.
टॉवेलचे हंस मात्र बोटांत राहिलेत,
पुतणीच्या रुखवतात एक करून ठेवला होता,
बायका म्हणाल्या, बदक झ्याक झालंय.

भाडं सांगितलं. एका रात्रीचं.
तात्यांनी शून्यं लिहिली, मोजली,
एक खोडलं, विचारून परत लिहिलं.
"एवढ्यात सेकंडहँड लाँच येती. इंजिनासकट."
मग बराच वेळ ते पाण्याकडं बघत बसले,
जणू त्याचं आजवरचं भाडं थकलंय.

नावावरून घरात वाद आहे.
पोराला 'कोयना मालदीव' पाहिजे,
सुनेला नुसतं 'किनारा',
तात्या म्हणतात, नाव काहीबी घाला,
खाली मोठ्या अक्षरात लिहा, चुलीवरचं मटण मिळेल.

पोवई नाक्यावरच्या इन्स्टिट्यूटमध्ये
आम्हाला शिकवलं होतं, पाहुणा आधी खिडकीकडं जातो,
पलंगाकडं नंतर.
आमच्या घराला खिडकी एकच, चुलीच्या वर,
बापानं धूर जायला पाडलेली.
तिच्यातून अख्खं पाणी दिसतं, पार पलीकडच्या जंगलापर्यंत,
वासोट्याला निघालेल्या बोटीसुद्धा मोजता येतात.
आमच्यात तिला धुराडं म्हणतात.

रात्री आईला सगळं सांगितलं,
काच, मासा, मावळतीचा भाव.
ती भाकरी थापत ऐकत होती.
मध्येच हात थांबवून म्हणाली,
"आन् तू रं? तू कंच्या प्रकारात निजायचास?"

बेटाच्या मधोमध, उंच झुडपांच्या आड.
पाहुण्यांच्या नकाशावर त्या जागी
नुसता हिरवा रंग होता, आणि एक नारळाचं झाड काढलेलं.
सहा कॉट. सिल्हेटचे दोघं, एक नेपाळी,
एक कोल्लमचा, तो झोपेत देणी मोजायचा,
एक कॉट येणाऱ्या-जाणाऱ्याची.
खिडकीसमोर जनरेटरची भिंत.
समुद्र कुठल्या अंगाला आहे
ते जनरेटर बंद पडला तरच कळायचं.
दोनदा पडला.

चांगली होती खोली, म्हणालो. पंखा होता.

"पंखा व्हता," ती म्हणाली,
आणि तव्यावरची भाकरी उलटली.