कोरा चहा

धंतोलीत खोली बघायला गेले तेव्हा
देवपुजारी काकूंनी नाव विचारायच्या आधी विचारलं,
"खाण्यापिण्याचं कसं?"
मी म्हटलं, व्हीगन आहे.
त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.
म्हणजे मांस-मच्छी तर नाहीच, पण दूधही नाही,
दही, तूप, मध, संत्रा बर्फी, काहीच नाही.
मी सांगत गेले
आणि त्यांचा चेहरा उजळत गेला
जणू मी उपासांची यादी वाचत होते.
"अगं बाई, आमच्याहून सोवळी की तू!"
किल्ली हातात ठेवली. वर कूलर फुकट.

आडनाव नंतर विचारलं, पावती लिहिताना.
पराते म्हटल्यावर पेन थांबलं.
फार नाही,
स्वल्पविरामाएवढं.

माझी आई तांडापेठेत खानावळ चालवते.
आजोबांचा माग थंड झाला त्या वर्षी
तिनं चूल घराच्या बाहेर काढली.
पहाटे चारला खसखस, दगडफूल, सुकं खोबरं,
भाजल्याचा वास पार रेल्वे फाटकापर्यंत जायचा.
त्या वासानं माझी फी भरली,
आठही सेमिस्टरची.
मटणाच्या गंजावर तरंगणाऱ्या तर्रीतून
मी इथवर पोहत आले.

मग असं का, म्हणून विचाराल
तर माझ्याकडे पुस्तकातलं उत्तर नाही.
गवळीपुऱ्यात एका म्हशीसमोर
पेंढा भरलेलं रेडकू उभं केलं होतं.
ती चाटत होती त्याला.
पोटावरच्या शिवणीवरून तिची जीभ
एकदा, पुन्हा एकदा,
आणि मागे चरवीत धार वाजत होती.
एवढंच.

"दूध बी नाई? चहा कायचा पेतं मंग?"
"कोरा."
आई बराच वेळ मसाला निवडत राहिली.
"कोरा तं आमी गरिबीत पेत होतो, माय."

पण तिनं माझ्यासाठी गंज वेगळा काढला,
पाटोडीचा रस्सा वेगळा शिजवला.
"मटनाचा पळा लागू नाई देल्ला, तुही आन."
लागला तरी चालेल गं, मी म्हटलं,
विटाळ नाही मानत मी. फक्त खात नाही.
तिला हे समजलं की नाही, माहीत नाही.
काकूंना नक्कीच समजलं नसतं.
कधीकधी मलाही
हे दोन वेगळे धरताना हात भाजतात.

परवा रविवारी आई डबा घेऊन आली.
मे महिन्याची दुपार, जिन्याला हात लावता येत नव्हता.
ती दोन मजले चढली, तिच्या आधी मसाला चढला.
काकू दारात.
"हा कसला वास गं?"

डब्यात पाटोडी होती. बेसन, तेल, तिखट.
"व्हीगन आहे, काकू," इतकंच म्हणायचं होतं.
खरंच होतं ते.
खोलीची किल्ली त्याच शब्दानं मिळाली होती.
तो जिभेवर आला, तिथे थोडा थांबला,
आणि मला दिसलं की तो माझ्यासाठी दार उघडेल
आणि आईला जिन्यातच उभं ठेवील,
पदरानं मान पुसत.

"आमच्या घरचा आहे," मी म्हटलं. "सावजी."

काकू काही बोलल्या नाहीत.
चपलांचा आवाज खाली खाली गेला.

आईनं खाटेवर बसून पिशवी उलटी केली,
लिंबं, जुनं टॉवेल,
आणि पाव लिटर दुधाची पिशवी, घामेजलेली.
"मले नाई जमत तुहा कोरा."
मी कात्री शोधली.
पातेलं माझ्याकडे एकच आहे.

महिनाअखेर खोली सोड म्हणतील कदाचित.
तेव्हाचं तेव्हा.
तेवढ्यात साय धरली, कडेनं बुडबुडे आले.
ती जीभ आठवली, ती शिवण आठवली,
आणि उतू जाऊ नये म्हणून
मी गॅसपाशी उभी राहिले.